इक्सस १८५ सोडून मोठा कॅमेरा घ्यावा का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही शिरोळ तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवता आणि काही वर्षांपासून कॅनन इक्सस १८५ हा खिशात मावणारा छोटा (कॉम्पॅक्ट) कॅमेरा वापरता. शाळेचे कार्यक्रम, नृसिंहवाडीच्या घाटाकडचे पक्षी, सुट्टीत कास नाहीतर खिद्रापूर, असं तुमचं फोटो काढणं चालतं. स्नेहसंमेलनातल्या नाचाचे फोटो हललेले येतात आणि खंड्याचा नुसता निळा ठिपका उमटतो. दुकानदार म्हणतो, मिररलेस (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घ्या, सगळं सुटेल. बजेट साठ हजार. सोबत चार फोटो मूळ फाइलसकट पाठवलेत, ते फार बरं केलंत. त्यामुळे मला हवेत बोलावं लागणार नाही.

माझं उत्तर असं: कॅमेरा बदलण्याची वेळ आली आहे, पण दुकानदार सांगतोय तो संच घेऊ नका आणि येत्या संमेलनाआधी घाईनेही घेऊ नका. तुमच्या चार फोटोंपैकी एकच फोटो असा आहे की तो इक्ससमधून कितीही कौशल्य लावलं तरी निघाला नसता. नाचाचा याच कॅमेऱ्यातून बऱ्यापैकी निघाला असता. तिसऱ्यात थोडी युक्ती लागेल. चौथा उत्तम आहे आणि नव्या कॅमेऱ्यातून तो याहून फारसा चांगला येणार नाही. हे चारही एकेक करून बघू, कारण खरेदीचं उत्तर त्यांच्यातच आहे.

आधी नाचाचा फोटो. मी फाइलची माहिती उघडली: एफ ६.९ (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं छिद्र लहान), १/२० सेकंद (शटर उघडं राहिल्याचा वेळ), आयएसओ ८०० (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील), फोकल लेंथ ४० मिमी (झूम किती). इक्ससची लेन्स ५ ते ४० मिमी आहे, म्हणजे तुम्ही झूम शेवटच्या टोकापर्यंत नेला होता. आता फोटो मोठा करून बघा. मागच्या बॅनरवरची अक्षरं वाचता येतात, पण मुलींचे हात आणि ओढण्या फराटल्यासारख्या झाल्यात. म्हणजे कॅमेरा हललेला नाही, मुली हलल्यात. सगळं चित्र एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसलं असतं तर दोष हाताचा. काहीच फराटलेलं नसून पडदा टोकदार आणि चेहरे मऊ दिसले असते तर दोष फोकसचा. फोटो बिघडला की बहुतेक जण ‘ब्लर आला’ एवढंच म्हणतात आणि इथूनच चुकीची खरेदी सुरू होते, कारण या तिन्हींवर औषध वेगवेगळं आहे.

नाचणाऱ्या मुलांना १/२० सेकंदात कोणताच कॅमेरा थांबवू शकत नाही. १/१२५ तरी हवा, उड्या असतील तर १/२५०. मग कॅमेऱ्याने १/२० का निवडला? कारण या लेन्सचा दरवाजा झूम करत जाल तसा बंद होत जातो. रुंद टोकाला तो एफ ३.२ असतो, झूमच्या टोकाला एफ ६.९. या दोन आकड्यांच्या वर्गांचं गुणोत्तर काढलं की कळतं, रुंद टोकाला साडेचार पटींहून जास्त प्रकाश आत येतो. म्हणजे त्याच रंगमंचावर, त्याच दिव्यांत, त्याच आयएसओला झूम न करता फोटो घेतला असता तर शटर १/१०० च्या आसपास मिळालं असतं. मुलींचे हात पूर्ण थांबले नसते, पण चेहरे नक्की मिळाले असते.

अट एकच, तुम्हाला पुढे जावं लागेल. तुम्ही प्रेक्षकांत मागे बसून झूम केलात. तुम्ही त्याच शाळेच्या शिक्षिका आहात, रंगमंचाच्या बाजूला, विंगेच्या तोंडाशी उभं राहायला तुम्हाला कोण अडवणार? तिथून दोन-तीन मीटरवर मुली असतात. झूमला हात लावू नका, फ्लॅश बंद ठेवा. या छोट्या फ्लॅशचा पल्ला तीन-चार मीटरच्या पलीकडे फारसा नसतो. मागच्या रांगेतून तो उडवला की पुढच्या रांगेतली डोकी पांढरी होतात आणि रंगमंच काळाच राहतो. प्रोग्रॅम मोडमध्ये जाऊन आयएसओ हाताने १६०० करा. फोटोत दाणे येतील, येऊ द्या. दाणेदार पण स्पष्ट चेहरा पालक आनंदाने ठेवून घेतात, गुळगुळीत पण फराटलेला चेहरा कोणी ठेवत नाही.

आणखी एक सवय: शटरचं बटण अर्धं दाबून फोकस धरून ठेवा आणि हवा तो क्षण आला की उरलेलं दाबा. बटण दाबल्यावर फोटो उशिरा निघतो ही तुमची तक्रार मुख्यतः फोकस शोधण्यात जाणाऱ्या वेळाची आहे. अर्धं दाबून ठेवलंत की तो वेळ आधीच खर्ची पडलेला असतो. नाचात ठेका असतो, गिरकी कुठे संपणार हे तालमीत बसलेल्या बाईंना माहीत असतंच. इक्ससचा सलग फोटो घेण्याचा वेग सेकंदाला जेमतेम एक आहे, तेव्हा बटण दाबून ठेवून नशिबावर सोडण्यात अर्थ नाही.

आता दुकानदाराचा मिररलेस याच जागी ठेवून बघू. समजा त्याने कॅनन आर ५० आणि सोबतची १८-४५ मिमीची किट लेन्स दिली. ही लेन्स ४५ मिमीला एफ ६.३ असते. तुमच्या इक्ससच्या एफ ६.९ च्या तुलनेत प्रकाश जवळपास तेवढाच! बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) बदलली म्हणून लेन्समधून जास्त उजेड येत नाही. फायदा होतो तो सेन्सरमुळे, म्हणजे आतल्या प्रकाश टिपणाऱ्या तुकड्यामुळे. इक्ससचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिमी, तुरीच्या डाळीएवढा. आर ५० चा २२.३ बाय १४.९ मिमी. क्षेत्रफळ काढलंत तर जवळपास बारा पट. म्हणून तिथे आयएसओ ३२०० ठेवला तरी फोटो इक्ससच्या आयएसओ ८०० पेक्षा स्वच्छ दिसतो, आणि ३२०० वर किट लेन्सनेही शटर १/१०० पर्यंत येतं. सुधारणा आहेच, पण ‘सगळं सुटेल’ इतकी नाही.

खरा फरक पडतो तो पन्नास मिमी एफ १.८ लेन्सने, आमच्या धंद्यात जिला नुसतं ‘फिफ्टी’ म्हणतात. किट लेन्सच्या एफ ६.३ च्या तुलनेत एफ १.८ ला बारा पटींहून जास्त प्रकाश येतो. तुमच्या रंगमंचावर एफ २.८ पर्यंत थोडी बंद करून, आयएसओ १६०० ला ती १/२५० देईल. या सगळ्या हिशेबातली ही सगळ्यात स्वस्त वस्तू आहे आणि दुकानात सगळ्यात शेवटी दाखवली जाते. कोणी मला विचारलं की कॉम्पॅक्टवरून मोठ्या कॅमेऱ्याकडे गेल्यावर पहिल्यांदा फरक कशाने जाणवतो, तर मी बॉडीचं नाव घेणार नाही, या लेन्सचं घेईन. संमेलन असो, दिवाळीतल्या पणत्या असोत की खिडकीशी बसलेली आजी, तिथे ती जे देते ते छोट्या सेन्सरला जमणारच नाही. मागची पार्श्वभूमी मऊ होऊन चेहरा पुढे येणं, हेही त्यातलंच.

मेगापिक्सेलबद्दल एवढंच सांगतो की इक्सस २० चा आहे आणि आर ५० २४ चा. फोटोची रुंदी ५,१५२ पिक्सेलवरून ६,००० होते. ८ बाय १० इंचाच्या उत्तम प्रिंटला सव्वासात मेगापिक्सेल पुरतात. त्या आकड्यावर कोणी विक्री करायला लागला तर विषय बदला.

दुसरा फोटो खंड्याचा. हाच तो, जो इक्ससमधून निघालाच नसता. घाटाच्या पायरीवरून समोरच्या फांदीपर्यंतचं अंतर तुम्ही तीस मीटर लिहिलंय. हिशेब सोपा जावा म्हणून दहा मीटर धरू. खंड्या चोचीसकट साधारण २८ सेंमी. इक्ससचा पूर्ण झूम म्हणजे फुल फ्रेमच्या भाषेत (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर धरून) २२४ मिमी. दहा मीटरवर त्याच्या चौकटीत आडवी १.६ मीटर जागा मावते. म्हणजे खंड्या चौकटीच्या सहाव्या हिश्शाएवढा. तीस मीटरवर तोच अठराव्या हिश्शाएवढा. त्यात ४० मिमी, एफ ६.९ वर आणखी एक अडचण आहे. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि एका बिंदूचा सेन्सरवर सुमारे नऊ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठिपका होतो. तुमच्या सेन्सरवरचा एकेक पिक्सेल सव्वा मायक्रॉनचाही नाही. म्हणजे टोकाच्या झूमला २० मेगापिक्सेल फाइलमध्ये असतात, तपशिलात नसतात. पिसं दिसत नाहीत यात तुमचा हात, डोळा, फोकस कशाचाच दोष नाही. डिजिटल झूम मात्र मेनूत जाऊन बंद करा. तो फोटोचा मधला तुकडा कापून फुगवतो, बाकी काही करत नाही.

आता नीट ऐका, कारण इथेच लोकांचे पैसे पाण्यात जातात. दुकानदाराच्या संचातली १८-४५ लेन्स पूर्ण झूम केली तरी फुल फ्रेमच्या भाषेत ७२ मिमीच होते. दहा मीटरवर तिच्या चौकटीत पाच मीटर जागा मावते. दहा मीटरवरचा खंड्या इक्ससच्या फोटोत साधारण ९०० पिक्सेल रुंद येतो, नव्या महागड्या कॅमेऱ्यात तो ३४० च्या आसपास येईल! मोठा कॅमेरा घेतला आणि पक्षी लहान झाला. पक्ष्यांसाठी कॅमेरा घेणाऱ्या कितीतरी मंडळींना मी पहिल्याच रविवारी या धक्क्यात बघितलंय. कॉम्पॅक्टमध्ये झूम आतच असतो, त्यामुळे लेन्स ही वेगळी विकत घ्यायची गोष्ट आहे हे लक्षातच येत नाही.

पक्ष्यांसाठी दोन वाटा आहेत. एक म्हणजे सुपरझूम, लेन्स न बदलणारा कॅमेरा: कॅनन एसएक्स ७० एचएस, ज्याचा झूम १३६५ मिमीपर्यंत जातो, किंवा निकॉन पी ९५०, जो २००० मिमीपर्यंत जातो. तीस मीटरवरचा खंड्या या दोन्हीत चौकटीत छान भरेल. पण या दोघांचा सेन्सर तुमच्या इक्ससच्याच मापाचा आहे, हे विसरू नका. भरपूर ऊन आणि बसलेला पक्षी असेल तर समाधान होईल. पहाटेचा उजेड, उडता पक्षी आणि संमेलनाचा रंगमंच इथे ते तुम्हाला इक्ससच्या फार पुढे नेणार नाहीत. दुसरी वाट म्हणजे लेन्स बदलता येणारी बॉडी आणि ५५-२५० सारखी लांब लेन्स. कॅनन बॉडीवर २५० मिमी म्हणजे फुल फ्रेमच्या भाषेत ४००. दहा मीटरवर खंड्या चौकटीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, अठराशे पिक्सेलांच्या आसपास, आणि तेही खऱ्या तपशिलाचे. तीस मीटरवरचा मात्र याही लेन्समध्ये लहानच येईल. जवळ जायला लागेल, किंवा एका जागी गप्प बसून त्याला जवळ येऊ द्यायला लागेल. खंड्या त्याच त्या फांदीवर पुन्हा पुन्हा येतो. चार सकाळी नुसतं बघून ती फांदी ओळखलीत की पाचव्या सकाळी कुठे बसायचं हे कळतं. भिगवणला होडीतून रोहित (फ्लेमिंगो) बघायला जाल तेव्हा जवळ नेण्याचं काम होडीवाला करतो, तिथे २५० मिमीत खूप चांगलं काम होतं.

पक्ष्यांसाठी व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, हवाच. उन्हात मागच्या पडद्यावर काही दिसत नाही आणि हात लांब धरून मोठी लेन्स स्थिर राहत नाही. निकॉन झेड ३० आणि सोनी झेडव्ही-ई १० हे दोन्ही कॅमेरे बजेटच्या आसपास म्हणून तुम्हाला दाखवले जातील. कॅमेरे उत्तम आहेत, पण व्हिडिओ करणाऱ्यांसाठी. दोघांनाही व्ह्यूफाइंडर नाही. तुमच्या कामाला ते घेऊ नका.

तिसरा फोटो खिद्रापूरच्या कोपेश्वराचा, स्वर्गमंडपातून वर बघत घेतलेला. वरचं गोल छिद्र पांढरंफटक आणि काळ्या दगडातले खांब नुसते अंधारात. इतका उजेड आणि इतका अंधार एकाच जेपीईजीत बसत नाही. मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आणि रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली सगळी माहिती ठेवणारी फाइल) असेल तर खांबांमधला तपशील नंतर संगणकावर वर काढता येतो. इक्ससला रॉ नाही. तरी ऊन डोक्यावर असताना न जाता सकाळी लवकर किंवा ढगाळ दिवशी गेलात तर दोन्हीतलं अंतर कमी होतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ किंवा गडद करायचा अधिक-उणे चिन्हाचा जो पर्याय तुम्ही बहुधा कधी वापरला नसेल, तो उणे एकवर नेऊन छिद्राभोवतीचा कोरीव काठ वाचवता येतो. अधिक एकवर नेऊन खांब मिळतात आणि छिद्र जातं. काय वाचवायचं आणि काय सोडायचं हे तुम्ही ठरवायचं, स्वयंचलित मोड दोन्हीच्या मध्ये काहीतरी करतो आणि दोन्ही घालवतो. काळा दगड, पांढरे गणवेश, संध्याकाळची नदी, सगळीकडे हा पर्याय लागतो. पुढे कुठलाही कॅमेरा घेतलात तरी लागेल.

चौथा फोटो कासच्या सड्यावरच्या सीतेच्या आसवांचा. हा फोटो मला मनापासून आवडला. एवढंसं जांभळं फूल, मागे सगळा सडा ओळखू येतोय, आणि फुलाच्या कडेपासून देठापर्यंत सगळं स्पष्ट. हे छोट्या सेन्सरचं बळ आहे. लेन्स फुलाच्या अगदी जवळ नेता येते आणि खोलवर सगळं फोकसमध्ये राहतं. किट लेन्स घेतलेला मोठा कॅमेरा इतक्या जवळ फोकसच करणार नाही. त्यासाठी मॅक्रो लेन्स वेगळी, ती फिफ्टीपेक्षा कितीतरी महाग, आणि तिच्यातून पाकळीची एकच कड टोकदार येते म्हणून पुन्हा एफ ११, एफ १६ पर्यंत बंद करावी लागते. कासला जाताना इक्ससच न्या. सव्वाशे ग्रॅमचा आहे, पावसात पटकन खिशात जातो, आणि फुलं तुडवत जायची वेळ न येता वाटेच्या कडेवरून हात लांब करून फोटो घेता येतो.

आता मोबाइलचं. तुमच्याकडे मोबाइल कोणता आहे ते लिहिलं नाहीत, पण अलीकडच्या चांगल्या फोनचा मुख्य कॅमेरा कमी उजेडात इक्ससला मागे टाकतो. त्याचा सेन्सर बहुधा इक्ससपेक्षा मोठा असतो, लेन्स जास्त उघडी असते, आणि तो एका दमात अनेक फोटो घेऊन जोडतो. शाळेतला बक्षीस समारंभ, वर्गातलं काम, गटाचे फोटो यांसाठी फोन पुरेसा आहे, आणि त्यासाठी साठ हजार घालवणं मला पटत नाही. नाचणाऱ्या मुलांवर मात्र जोडलेल्या फोटोंची गफलत होते, हात दोन-दोन दिसतात. आणि झूम मुख्य कॅमेऱ्याच्या बाहेर गेला की बहुतेक फोन ढेपाळतात. जगभरात २०१० साली बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे दुकानांकडे रवाना झाले होते, २०२३ साली ते ऐंशी लाखांच्याही खाली आले. साधे कॉम्पॅक्ट फोनने खाल्ले, हे खरंच आहे. म्हणून आता पैसे घालायचे असतील तर जे फोनला जमत नाही तिथेच घालावेत: लांबचं, वेगाचं आणि अंधारातलं.

खरेदीआधी एक काम करा. गेल्या वर्षभरात तुम्हाला न आवडलेले फोटो एका फोल्डरमध्ये गोळा करा आणि एकेकाची माहिती उघडून बघा. फोनवर गुगल फोटोजमध्ये फोटो वर सरकवला की खाली दिसते. शटर १/३० पेक्षा संथ आणि माणूस फराटलेला, तो एका गटात. ४० मिमी आणि पक्षी ठिपका, तो दुसऱ्या गटात. उजेड-अंधाराचा तिसरा. आणि कॅमेऱ्याचा काही संबंध नसलेले चौथ्यात: डोकं कापलेलं, मागे विजेचा खांब उगवलेला, लेन्सवर बोटाचा ठसा असल्यामुळे सगळं धुरकट. शेवटचा प्रकार हसण्यावारी नेऊ नका, खिशात-पर्समध्ये राहणाऱ्या कॉम्पॅक्टची लेन्स पुसल्यावर जुना कॅमेरा नवा वाटायला लागतो. पहिला गट मोठा निघाला तर फिफ्टी, दुसरा निघाला तर लांब लेन्स किंवा सुपरझूम. चौथा सगळ्यात मोठा असेल तर सहा महिने खरेदी पुढे ढकला. तुमचे चारच फोटो बघून माझा अंदाज आहे की चौथा गट लहान असेल. चौकट तुम्हाला दिसते, आणि म्हणूनच तुमचे पैसे योग्य जागी पडावेत असं मला वाटतं.

तुमच्या दोन्ही गरजा, संमेलन आणि पक्षी, एका लेन्सने भागणार नाहीत. साठ हजारांत नवी मिररलेस बॉडी आणि किट लेन्स आली की दोन्ही कामांच्या लेन्ससाठी हातात काही उरत नाही. त्यापेक्षा मी सेकंडहँड डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा आधीच्या पद्धतीचा कॅमेरा) घेईन: कॅनन २०० डी किंवा २०० डी मार्क २, सोबत ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम आणि ईएफ ५० एफ १.८ एसटीएम. नीट शोधलंत तर तिन्ही तुमच्या बजेटमध्ये बसतील. १५०० डी थोडा स्वस्त मिळेल, तो टाळा. त्याचा पडद्यावर बघून करायचा फोकस फार सुस्त आहे, २०० डी चा झटपट आहे आणि पडदा वळतो, मुलांच्या उंचीवर खाली धरून फोटो घेता येतात. डीएसएलआरचे दिवस संपले असं दुकानदार म्हणेल. कॅननच्या नवीन बॉडी आणि लेन्स आता मिररलेसमध्येच येतात, हे बरोबर आहे. पण या ईएफ लेन्स कॅनन आर मालिकेच्या बॉडीवर अ‍ॅडॉप्टर लावून चालतात, फोकससकट. पुढे बॉडी बदललीत तरी लेन्सचे पैसे बुडत नाहीत. तुमचं मन एकट्या पक्ष्यांवर असतं, वजन नको असतं, लेन्स बदलण्याचा कंटाळा असता, तर मी एसएक्स ७० सांगितला असता. वजनाची कल्पना द्यायची तर २०० डी आणि ५५-२५० मिळून आठशे ग्रॅमच्या वर जातात. दुकानात दहा मिनिटं गळ्यात घालून उभ्या राहा.

घेण्याआधी एक दिवस भाड्याने आणा. कोल्हापूर-सांगलीकडे लग्नाची कामं करणारे बॉडी आणि लेन्स भाड्याने देतात, अनामत ठेवावी लागते. संमेलनाच्या दिवशी फिफ्टी लावा. सहा मीटरवरून तिच्या चौकटीत पावणेतीन मीटर मावतात, म्हणजे दोन-तीन मुली. सगळा गट हवा असेल तेव्हा विंगेतून इक्सस किंवा फोन. एलईडी दिव्यांत शटर फार वेगवान केलंत तर फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात, तसं दिसलं तर १/१०० वर या. त्या एका संध्याकाळीच कळेल की हे ओझं तुम्हाला आवडतं की नाही. काहींना नाही आवडत, आणि तेही एक उत्तरच आहे.

सेकंडहँड घेताना लेन्सची दोन्ही बाजूंची झाकणं काढून मोबाइलच्या टॉर्चने आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं किंवा धुक्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, सोडून द्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात बॅगेत बंद पडलेल्या लेन्सना ती हमखास लागते. थोडी धूळ चालते. शटर काउंट विचारा. या वर्गाच्या बॉडी साधारण एक लाख क्लिक धरून बनवलेल्या असतात, तेव्हा वीस-तीस हजारांच्या आतली बघा. एफ १६ ला आकाशाचा फोटो घ्या, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात. मूळ बिल आणि चार्जर असेल तरच पैसे मोजा. बजेटमधून तीन-चार हजार बाजूला ठेवा: कार्ड, एक जादा बॅटरी, हवाबंद डबा आणि सिलिका जेल. रॉ वापरायचं ठरवलंत तर लॅपटॉप लागेल. सॉफ्टवेअरवर खर्च करू नका, कॅनन स्वतःचं मोफत देतं आणि डार्कटेबलही मोफत आहे.

इक्सस विकू नका, त्याचे फारसे पैसे येणार नाहीत आणि कासला तो लागणार आहे. भाड्याच्या दिवशीचे फोटो मला जरूर पाठवा, दोन्ही कॅमेऱ्यांतले. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेत तर फाइलची सगळी माहिती गळून जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ते बघून फिफ्टी आधी घ्यायची की ५५-२५०, हे नक्की सांगतो.